आमच्या बेसचं हेड

मिरजेत सतार किंवा तंबोरा कुठला घ्यावा हे सांगणारी माणसं गल्लीबोळात भेटतात. भोपळा ठोकून, तार छेडून, घोडीला डोळा लावून ती पाच मिनिटांत वाद्याची कुंडली मांडतात. पण बेस गिटारला ॲम्प्लिफायर कुठला घ्यावा, हे सांगणारं आम्हाला अख्ख्या गावात कुणी भेटलं नाही. दुकानदारांना विचारलं तर त्यांनी वॉटचा आकडा सांगितला. डीजेवाल्यांनीही वॉटचाच आकडा सांगितला, फक्त त्यावर दोन शून्यं जास्त होती.

आम्ही पाचजण. कीबोर्डवर मास्तर, म्हणजे खरोखरच शाळेतले संगीत मास्तर. एक ऑक्टोपॅडवाला, एक ढोलकीवाला, एक गायक आणि एक बेसवाला. गायिका बाहेरून बोलावतो. लग्नं, उरूस, गणपती, नवरात्र, भीमजयंती, एखाद्या साहेबांचा निवृत्तीचा सत्कार, जिथून बोलावणं येईल तिथं जातो. वर्षाचे चार महिने काम आणि आठ महिने दुसरं काम. पॅडवाला रिक्षा चालवतो, ढोलकीवाला पत्र्याच्या पेट्या करतो, गायक मेडिकलमध्ये असतो. बेसवाल्याचं घराणं तंबोरे करणाऱ्यांचं. तोही दिवसभर अब्बांच्या हाताखाली भोपळे घासतो आणि रात्री गिटार काढतो.

वाचकांपैकी ज्यांना बेस म्हणजे काय हे नेमकं ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत ती बाजारात आणली आणि त्या मानवभर उंचीच्या डबल बेसचं ओझं बऱ्याच वादकांच्या खांद्यावरून उतरलं. आपल्याकडे सिनेमाच्या वाद्यवृंदांत ती आली ती प्रामुख्यानं गोव्याच्या वादकांच्या हातून. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी आपण सगळ्यांनी हजारदा ऐकली आहेत, बेस मात्र कुणी ऐकल्याचं सांगत नाही. लोक गाणं गुणगुणतात, ठेका धरतात, पण पाय ज्याच्यावर टेकलेला असतो त्या आवाजाचं नाव त्यांना ठाऊक नसतं.

आमचीही गोष्ट इथूनच सुरू होते.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं कोरोनात गेली. कार्यक्रम बंद, मांडव बंद. पुन्हा बोलावणी येऊ लागली तेव्हा सगळं बदललेलं होतं. कराओकेचा ट्रॅक पेन ड्राइव्हवर घेऊन एक गायक, एक गायिका आणि दोन स्पीकर एवढ्यावर कार्यक्रम होऊ लागले. ज्यांना जिवंत वाद्यं हवी होती तेही म्हणायचे, "पाच माणसं कशाला? बेस तर कीबोर्डवरपण वाजतो की." हे खोटं नाही. मास्तर डाव्या हातानं बेस वाजवू शकतात. चांगला वाजवतात. पण उजव्या हाताला मग भराव कमी पडतो. शिवाय तो बेस तारेचा नसतो, कळीचा असतो. तारेवर बोट सरकतं, थोडं उशिरा पडतं, ढोलकीच्या घुमाऱ्याला चिकटून येतं. हा फरक आयोजकाला पटवून देण्याच्या भानगडीत आम्ही पडत नव्हतो. मानधन चौघांचं ठरायचं आणि आम्ही ते पाचांत वाटायचो.

डिसेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या एका गावात उरसाचा कार्यक्रम होता. तोवर आमच्याकडे बेससाठी वेगळं हेड नव्हतं. लाउडस्पीकरवाल्याचा एक जुना ॲम्प्लिफायर होता आणि आम्हीच पत्रे-फळ्या ठोकून केलेली एक पेटी. तीत पंधरा इंची स्पीकर. त्या रात्री मैदान मोठं म्हणून शेजारच्या मांडवातून आणखी दोन पेट्या मागून आणल्या आणि तिन्ही एकाच ॲम्प्लिफायरला जोडल्या. जोडताना कुणालाही काही वाटलं नाही. उलट आवाज वाढला म्हणून आम्ही खूश होतो. चौथ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात बेस फाटल्यासारखा बोलला, मग थांबला. पाठोपाठ तो वास आला. ज्यानं तो एकदा घेतलाय तो विसरत नाही. गरम बेकेलाइट, जळकं वार्निश.

कार्यक्रम थांबला नाही. मास्तरांनी डावा हात खाली घेतला आणि उरलेल्या रात्री त्यांनीच बेस वाजवला. आमचा बेसवाला स्टेजच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गिटार मांडीवर घेऊन बसून राहिला. उतरून जावं तर सगळ्यांना दिसेल, वाजवावं तर आवाज नाही. दोन तास तो बोटं फिरवत होता. समोर बसलेल्या हजारएक माणसांतल्या कुणालाच काही कळलं नाही. आयोजकाला तेवढं कळलं. पैसे देताना हसत म्हणाला, "बघा, चौघांत भागलं की."

परतीच्या टेंपोत कुणी बोललं नाही. दोन दिवसांनी बेसवाल्याने तालमीच्या खोलीत येऊन सांगितलं, "आता तुम्ही चौघंच जात जा. मी कारखान्यात बसतो." त्यावर पॅडवाला म्हणाला, "बस गपचूप." आणि त्यानं भिशीचा विषय काढला.

आमची दहा जणांची भिशी होती. आम्ही पाच, टेंपोवाला, मांडववाला आणि आणखी तिघं. महिना अडीच हजार, उचल पंचवीस हजार. फेब्रुवारीचा नंबर पॅडवाल्याचा होता. तो त्यानं मुलीच्या डी. फार्मच्या फीसाठी धरून ठेवला होता. बेसवाल्याचा नंबर नोव्हेंबरचा. पॅडवाल्यानं नंबर बदलून दिला. अट एकच, फी भरायच्या आत लग्नसराईच्या कमाईतून त्याचे पैसे परत यायला हवेत. म्हणजे पंचवीस हजार रुपये हातात, ते एका मुलीच्या शिक्षणाचे, आणि त्यांत असं हेड आणायचं की जे पुन्हा जळणार नाही. चुकायची मुभा नव्हती.

आधी मागची चूक समजून घेणं भाग होतं. सांगलीत एक रिपेरीवाला मिस्त्री आहे. ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळणारा, आता अशी माणसं थोडी राहिली. त्यानं जळका ॲम्प्लिफायर उघडला, आत बघितलं आणि विचारलं, "पेट्या किती लावल्या होत्या?" तीन म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. प्रत्येक पेटी आठ ओहमची. ओहम म्हणजे अडथळा. नळाला एक तोटी असली तर पाणी बेतानं जातं, तीन तोट्या एकदम सोडल्या तर टाकीवर ताण येतो, तसं. आठ-आठच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की चार ओहम होतात. तीन जोडल्या की पावणेतीनच्याही खाली. त्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर स्पष्ट लिहिलं होतं, किमान चार ओहम. ते आम्ही दहा वर्षांत कधी वाचलंच नव्हतं. म्हणजे जळाला तो आमच्या हातानं. बिचाऱ्या यंत्राचा दोष नव्हता.

वॉटचं कोडंही त्यानंच उलगडलं. आमच्या लहानपणी टेपरेकॉर्डरवर हजार वॉट, दोन हजार वॉट असं चमकीच्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. त्याला पीएमपीओ म्हणत. तो आकडा फक्त स्टिकरवर राहत असे, स्पीकरपर्यंत पोचत नसे. खरा आकडा आरएमएसचा. तोही कितीवर ते बघायचं. हेडवर पाचशे वॉट लिहिलेलं असतं ते बहुधा चार ओहमला. आमच्यासारखी आठ ओहमची एकच पेटी जोडली तर त्यातले तीनशेच्या आसपास हाती लागतात. आणि ज्या गोष्टीचं आम्हाला सगळ्यात आश्चर्य वाटलं ती ही, की वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुपटीनं वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. म्हणजे अडीचशेचं हेड सोडून पाचशेचं घेतलं तर जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक जरा चांगला, तीन डेसिबल जास्त बोलणारा स्पीकर घेऊन पडतो. दुकानात हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर पाचशेचं विकायचं कसं?

बेसवाल्याच्या अब्बांना आम्ही चाचा म्हणतो. सत्तरी ओलांडली, तरी जवारी काढायला दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नाही. त्यांना मुलाचा हा धंदा फारसा पसंत नव्हता. पण मुंबईला जायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी आम्ही कारखान्यात बसलो होतो, तेव्हा ते भोपळ्यावरचा भुसा झटकत मध्येच बोलले, "वॉट-बिट मेरेकू नै मालूम. पर खरज मोटी तार से नै सुनाता, जवारी से सुनाता. जवारी बंद कर दे, तार कित्ती बी मोटी लगा, मुर्दा."

त्यांनी ते करूनही दाखवलं. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेखालचा सुताचा दोरा काढला. तार वाजत होती, पण आवाज भोपळ्यातच राहत होता. दोरा सरकवून जागेवर आणला तसा तोच खर्ज उघडला आणि भिंतीपर्यंत गेला. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला साधारण ६९ कंपनांचा. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ४१. माणसाचा कान इतक्या खालच्या आवाजाला मंद असतो. तो स्वर ओळखतो तो त्याच्या वरच्या, मधल्या पट्टीतल्या पडसादांवरून. घरी एकटं वाजवताना बेसवाला खालचा आवाज वाढवायचा, वरचा वाढवायचा आणि मधला पाडायचा. खोलीत ते गोड लागायचं. स्टेजवर ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की बेस नाहीसा व्हायचा. मग तो आवाज आणखी वाढवायचा आणि ॲम्प्लिफायर आणखी तापायचा. तेव्हा आमच्या यादीत सगळ्यात वर काय लिहिलं गेलं? मधली पट्टी नीट कमी-जास्त करता येईल असं हेड. वॉट तिसऱ्या ओळीत गेले.

दुसऱ्या ओळीत होतं डीआय. हल्ली मोठ्या कार्यक्रमात साउंडवाला वेगळाच असतो. त्याचे मोठे स्पीकर, त्याचा मिक्सर. हेडच्या पाठीमागे डीआयचं तीन पिनांचं तोंड असलं की तिथून एक वायर थेट मिक्सरला जाते आणि मैदानाला बेस ऐकवायचं काम साउंडवाल्याच्या स्पीकरांचं होतं. आपलं हेड मग फक्त स्टेजवरच्या आपल्यासाठी. तालमीला तर आणखीच कमी लागतं. आमची खोली दहा बाय बाराची, वर पत्रा. म्हणजे डीआय चांगला असेल तर दोन-अडीचशे खरे वॉट आम्हाला पुरे होते. हे कळलं तेव्हा पंचवीस हजारांचं ओझं थोडं हलकं झालं.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं आम्ही तिघं मुंबईला गेलो. बेसवाला, मास्तर आणि पॅडवाला. पैसे पॅडवाल्याच्या आतल्या खिशात. बेस गिटार बरोबर घेतली, कारण दुकानातली महागडी गिटार कुठल्याही हेडवर चांगलीच बोलते. सकाळी सीएसएमटीला उतरून चालत धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये गेलो. १८६५ पासूनचं हे दुकान. आत शिरताना चपला काढायच्या की काय असं पॅडवाल्याला वाटलं. तिथल्या पोरानं मात्र जे मागितलं ते लावून दाखवलं.

नव्या जमान्याची हेडं आम्ही पहिल्यांदा हातात घेतली ती तिथं. वॉर्विकचं नोम नावाचं हेड, दोनशे वॉटचं, वजन किलोभर. मास्तरांच्या जेवणाच्या डब्यापेक्षा हलकं. पॅडवाला ते तळहातावर ठेवून म्हणाला, "ये तो चटणी का डब्बा है." ह्या हलकेपणाचं कारण म्हणजे त्यांत जुन्या पद्धतीचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर नसतो. वीजपुरवठा आणि ॲम्प्लिफायर दोन्ही अतिवेगानं चालू-बंद होणाऱ्या पद्धतीचे, क्लास डी म्हणतात ते. वीज कमी खातात, तापतात कमी. १९६९ साली ॲम्पेग कंपनीनं एसव्हीटी नावाचं जे गाजलेलं हेड काढलं ते तीनशे वॉटचं, आत चौदा व्हॉल्व्ह आणि वजन चाळीस किलोंच्या घरात. तिथून किलोभरापर्यंत ही मजल आली. आवाजही वाईट नव्हता. आठ ओहमच्या पेटीवर बेसवाल्यानं पंधरा मिनिटं वाजवलं आणि आम्ही जवळजवळ पैसे काढलेच होते.

अडलो ते दोन ठिकाणी. एक, आठ ओहमला दोनशेचेही दोनशे मिळणार नव्हते. जिथं साउंडवाला नसतो आणि सगळं आपल्याच पेटीवर भागवायचं असतं, अशा छोट्या कार्यक्रमांत ते अपुरं पडलं असतं. आणि आमचे निम्मे कार्यक्रम तसेच. दुसरं, आम्ही तिथूनच सांगलीच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "ते चांगलंच असतं. पण बिघडलं तर माझ्याकडं आणू नका. आत मुंगीएवढे पार्ट. आख्खी प्लेट बदलायची, आणि ती प्लेट कंपनीकडनं यायची." वॉरंटी संपल्यावर ऐन मे महिन्यात प्लेट कधी येणार? हलक्या हेडांचा आम्हाला राग नाही. ज्याच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे, जो लोकलनं तालमीला जातो, त्यानं डोळे झाकून तसंच घ्यावं. आम्ही टेंपोनं जातो. आणि हेडचे दहा किलो वाचवून पुढं तीस किलोची पेटी दोघांनी उचलायचीच असते. पाचशे वॉटची जी हलकी हेडं तिथं होती, त्यांत मधल्या पट्टीची सोय अधिक चांगली होती. पण ती आमच्या खिशाच्या बाहेरची. त्यांच्याकडे बघून घेतलं.

दुपारी लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे सहज चौकशी केली, तर त्यानं मालाडच्या ऑर्लेमचा एक पत्ता दिला. तिथले एक अंकल बेस वाजवायचं सोडून बसले होते आणि त्यांना सामान काढायचं होतं.

अंकलचं घर तळमजल्यावर. भिंतीवर येशूची तसबीर, खाली कपाटावर एक डबल बेस आडवा. आयुष्य त्यांनी दुबईच्या हॉटेलांत वाजवण्यात काढलं होतं. बोटांना संधिवात झाला तसे परत आले. हेड चादरीत गुंडाळलेलं होतं. हार्टके कंपनीचं एचए ३५००. आठ ओहमला २४० वॉट, चार ओहमला ३५०. आत पहिल्या टप्प्यात १२एएक्स७ जातीचा एक व्हॉल्व्ह आणि शेजारी ट्रान्झिस्टरचा रस्ता, दोन्हींची वेगवेगळी बटणं, हवं तसं मिसळा. समोर दहा पट्ट्यांचा इक्वलायझर, म्हणजे मधला आवाज हवा तिथं उचलता येईल असा. मागं डीआय. वजन दहा किलोंच्या पुढं, लोखंडी ट्रान्सफॉर्मरवालं.

जुनी वस्तू घेताना काय बघायचं ते मिस्त्रीनं पढवून पाठवलं होतं. आधी पाठीवरचा शिक्का. अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्टचं हेड आपल्या बोर्डात लावलं की त्याची तिथंच मयत होते. ह्याच्यावर २३० लिहिलेलं होतं. दुबईची वीजही आपल्यासारखीच. वायरीच्या टोकाला मात्र तिकडचा चपट्या जाड पिनांचा प्लग होता. मग अर्धा तास नुसतं चालू ठेवायचं. तापतं किती, वास येतो का, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो का. प्रत्येक बटण सावकाश फिरवून खरखर ऐकायची. सगळ्या तोंडांत वायर घालून हलवायची. व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं हलकेच टकटक करायची, स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर व्हॉल्व्ह थकलाय. आमचं हे सगळं चाललेलं अंकल खुर्चीत बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "पुलिस है क्या तुम लोग?"

व्हॉल्व्ह थोडा वाजत होता. दोन बटणं खरखरत होती. बाकी ठीक.

मग बेसवाल्यानं वाजवलं. काही मोठं नाही, उरसात वाजवतो तीच चाल. अंकलनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली, उठले, इक्वलायझरच्या मधल्या दोन पट्ट्या थोड्या वर सरकवल्या आणि अगदी डावीकडची खाली घेतली. आवाज लहान झाला असं आम्हाला वाटलं. पण शेजारच्या खोलीत गेलेला पॅडवाला तिथून ओरडला, "अब सुनाया!" चाचांच्या कारखान्यातला दोरा आम्हा तिघांनाही त्याच क्षणी आठवला असावा. मास्तरांनी बेसवाल्याकडे बघितलं.

"वॉट देखके मत लो, मॅन," अंकल म्हणाले. "ओहम देखो. और वो पीछे का थर्ड पिन कभी मत काटना. गुंईं आवाज आया तो पिन नहीं काटने का, डीआय का ग्राउंड लिफ्ट दबाने का. मेरा एक दोस्त गया ऐसा."

त्यांनी अठ्ठावीस हजार सांगितले. आम्ही आमच्याकडे किती आहेत ते खरं सांगितलं, ते कुणाचे आहेत तेही सांगितलं. सांगायचं ठरलं नव्हतं, पॅडवाल्याच्या तोंडून निघून गेलं. अंकलनी बावीस घेतले आणि वर एक सुटा व्हॉल्व्ह दिला, दुबईच्या कुठल्याशा दुकानाच्या डबीतला. निघताना त्यांनी ती चादरही काढून घेतली नाही.

मार्चमध्ये मिस्त्रीनं ते उघडून साफ केलं, व्हॉल्व्ह बदलला, भारतीय प्लग लावला. एक स्टॅबिलायझर बाराशेला पडला. खेड्यात जनरेटरवर हॅलोजन पेटले की व्होल्टेज कुठंच्या कुठं जातं, तिथं ही काटकसर करू नये. तालमीच्या खोलीत पहिल्या दिवशी पत्रा थडथडला. पेटी कोपऱ्यात होती, कोपऱ्यात खालचा आवाज फुगतो. ती भिंतीपासून काढून दुधाच्या दोन क्रेटवर ठेवली, कानाच्या जरा जवळ आली, आणि आवाजाचं बटण निम्म्यावर आणता आलं. पेटीवर आता आम्ही मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलंय : ८ ओहम. दोनच्या वर पेट्या जोडायच्या नाहीत.

त्या लग्नसराईत एप्रिल-मे मिळून अकरा कार्यक्रम झाले. हेड एकदाही बंद पडलं नाही. कमाईत मानधन मात्र चौघांचंच राहिलं. पॅडवाल्याचे पैसे आम्ही फी भरायच्या तारखेनंतर दहा दिवसांनी पुरे करू शकलो. मधले दहा दिवस त्यानं मेहुण्याकडून उसने घेऊन भरले होते, हे आम्हाला पुढं त्याच्या मुलीकडून कळलं. तो स्वतः काही बोलला नाही.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, जतच्या त्याच गावाहून पुन्हा बोलावणं आलं. आयोजक तोच. पाच माणसं बघून म्हणाला, "हे कशाला आणलं परत?" मास्तरांनी त्या रात्री बेसच्या कळीला हात लावला नाही. बेसवाला ढोलकीवाल्याच्या शेजारी उभा राहून पूर्ण रात्र वाजवत होता. लोक नाचले, शिट्ट्या मारल्या, नेहमीसारखेच. बेसबद्दल कुणी काही बोललं नाही. फक्त साउंडवाला पोरगा, वीस-बावीसचा असेल, सामान गुंडाळताना हेडशी येऊन बसला आणि विचारू लागला, ह्या पट्ट्या अशा का ठेवल्यात? बेसवाला त्याला समजावत बसला आणि आमचा टेंपो अर्धा तास खोळंबला.

गेल्या पावसाळ्यात एक बटण पुन्हा खरखरायला लागलं. मिस्त्रीनं फवारा मारून, चार वेळा फिरवून दिलं. पैसे विचारले तर म्हणाला, चहा सांगा.